अडलेपणाचा हिशेब

मे महिना लागला की गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलकाठच्या गावांत दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळे तेंदूच्या झुडपांकडे निघतात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, गाठोडं डोक्यावर घेऊन घर गाठायचं आणि सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात 70 पानं. 100 पुड्यांचा शेकडा, म्हणजे 7,000 पानं. 1,000 पुड्यांची प्रमाण गोणी, म्हणजे 70,000 पानं. संध्याकाळी हे पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे मुन्शी पुडे मोजून घेतो आणि ते उन्हात रांगेने वाळत घातले जातात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहिला जोराचा पाऊस आला की संपला.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तोडलेलं पान थांबत नाही. आज भाव पटला नाही म्हणून गहू-तांदूळ कोठीत ठेवता येतो, तेंदूचं पान ठेवता येत नाही. ते त्याच दिवशी फळीवर गेलं पाहिजे, नाहीतर गुंडाळतं, डागाळतं, मातीमोल होतं. त्यामुळे फळीवर पुडे घेऊन उभी असलेली बाई आणि समोरचा मुन्शी यांच्यात सौदा होतच नाही. मुन्शी सांगतो, बाई ऐकते. एखादा पुडा ‘खराब’ म्हणून बाजूला टाकला, तरी तो उचलून घरी नेऊन तिने करायचं काय?

मराठीत या अवस्थेला नेमकी म्हण आहे: अडला हरी, गाढवाचे पाय धरी. म्हणीतला हरी गरीब आहे की श्रीमंत, हे म्हण सांगत नाही. तो अडलेला आहे, एवढंच सांगते. गरिबीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा उत्पन्न मोजतो: महिन्याला किती, दिवसाला किती, रेषेच्या वर की खाली. अडलेपण मोजत नाही. ते मोजायचं कसं, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही उशिराच पडला, आणि एका दूरच्या देशावर संकट कोसळल्यावर तो ठळक झाला.

1997-98 मध्ये आशियाई आर्थिक संकटात इंडोनेशियाचं चलन कोसळलं, सुहार्तो यांची तीन दशकांची सत्ता गेली, आणि कालपर्यंत बरं चाललेली लाखो घरं काही महिन्यांत दारिद्र्यरेषेखाली गेली. शुभम चौधरी, ज्योत्स्ना जालन आणि असेप सुर्याहादी या तीन अभ्यासकांनी नंतर वेगळाच प्रश्न विचारला: आज गरीब किती, हे ठीक, उद्या गरीब होण्याच्या काठावर किती? त्यांच्या अंदाजानुसार 1998 च्या अखेरीस तिथे सुमारे 22 टक्के लोक गरीब होते, पण पुढे गरिबीत पडण्याचा किंवा गरिबीतच राहण्याचा मोठा धोका असलेले सुमारे 45 टक्के. म्हणजे सरकारी यादीत नाव असलेल्या प्रत्येक माणसामागे जवळजवळ आणखी एक माणूस काठावर उभा होता, आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

हे वाचल्यावर मला गडचिरोली आठवते. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. जमिनीचा मोठा हिस्सा जंगलाखाली, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत, त्यात अनुसूचित जमातींचे लोक शंभरात साधारण 39. धानाचं एकच पीक, तेही पावसावर किंवा मामा तलावाच्या पाण्यावर. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात हे लघुरूप इतकं रुळलंय की तलावाशी कुण्या मामाचा संबंध असावा असं परक्याला वाटतं. धान निघालं की बांध्या रिकाम्या. मग काही घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, बाकीची जंगलावर जगतात: मार्च-एप्रिलमध्ये मोह, पुढे चारोळी, मेमध्ये तेंदू, जूनमध्ये मोहाच्या टोळी (बिया), पावसात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब.

वर्षाचा हा फेरा पाहिला की वाटतं, जंगल यांना पोसतंय. पोसतं, हे खरंच. पण मोहाचं गणित पाहा. झाडाखालून फुलं वेचायची, वाळवायची आणि हातात पैसा नाही म्हणून हंगामातच, भाव पडलेले असताना, गावच्या दुकानात टाकायची. पावसाळ्यात घरातलं संपलं की तीच फुलं त्याच दुकानातून चढ्या भावाने आणायची. फुलं जंगलाची, मेहनत घराची, आणि मधल्या चार महिन्यांच्या धीराची कमाई दुकानदाराची. त्यात दारूबंदीच्या कायद्यामुळे वाळलेली मोहफुलं साठवण्यावर आणि वाहून नेण्यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं निर्बंध होते. ते 2021 मध्ये उठवले गेले. म्हणजे ज्याला थांबता आलं असतं, त्यालाही कायद्याने थांबू दिलं नव्हतं.

हा धीर आणायचा कुठून? सरकारी भाषेत त्याला ‘सक्षमीकरण’ म्हणतात. या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. त्यात कुणीतरी कुणालातरी सक्षम करतो, आणि करणारा बहुतेक वेळा जीपमधून आलेला असतो.

हा धीर स्वतःच्या बळावर आणू पाहणारं एक गाव आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर मेंढा लागतं. लेखा या शेजारच्या गावाबरोबर जोडून ‘मेंढा-लेखा’ असंच नाव बाहेर पसरलं. शंभरेक घरांचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात या भागावर इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन मोठ्या धरणांचं सावट होतं. 1984 च्या सुमारास बाबा आमटे आणि आदिवासी नेत्यांनी ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभं केलं आणि धरणं मागे पडली. आंदोलन जिंकल्यावर बहुतेक गावं घरी जातात. मेंढ्यातले काही लोक मात्र पुढचा प्रश्न घेऊन बसले: धरण अडवलं, पण रोजच्या रोज आपलं जंगल कोण चालवतं? त्यांच्यात देवाजी तोफा होते, आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत अभ्यासाला बसले.

अभ्यासाला बसले, हे शब्दशः. मेंढ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगट, जिथे कायदा, हिशेब, जंगल, जे काही डोक्यात असेल त्यावर बोलायचं. निर्णय तिथे घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा, जिथे निर्णय घ्यायचा, पण बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं, सगळ्यांचं पटेपर्यंत. शहरी माणसाला हे ऐकून घाम फुटतो. आपल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंगही असा ठरणार नाही. पण ज्यांनी हे निवडलं त्यांचा हिशेब सरळ होता. शंभर घरांच्या गावात बहुमत म्हणजे साठ घरं जिंकली आणि चाळीस घरं हरली. हरलेली चाळीस घरं उद्या ठेकेदाराने फोडायची ती घरं. फुटलेलं गाव अडवायला सोपं.

याच काळात गोटुलचा प्रसंग घडला. गोटुल म्हणजे गोंड गावातलं तरुणांचं, गावाच्या एकत्र बसण्याचं घर. गावाने जंगलातून लाकूड आणून ते पुन्हा उभं केलं. वनखात्याच्या दृष्टीने ती लाकूडचोरी होती. बांधकाम उतरवलं गेलं. गावाने ते पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं बांधायला घेतली. दाराच्या चौकटीएवढ्या लाकडावरून उभा राहिलेला हा प्रश्न होता: हे जंगल कुणाचं?

कागदावर उत्तर गुंतागुंतीचं होतं. जमीनदारीच्या काळात लोकांना घरबांधणीला बांबू, जळणाला लाकूड, गुरांना चराई असे निस्तार हक्क होते आणि ते नोंदलेलेही होते. जमीनदारी गेली, जंगल राखीव झालं, आणि निस्ताराच्या नोंदी दप्तरात राहिल्या. त्याच जंगलातला बांबू मात्र सरकारी पट्ट्यावर कागद गिरण्यांना जात राहिला. बल्लारपूरची कागद गिरणी याच भागातली. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला कार्डावर मोजके बांबू आणि गिरणीला ट्रकच्या ट्रक, तेही नाममात्र दराने, ही रीत एकट्या गडचिरोलीची नव्हती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकात हाच हिशेब मांडला होता: गिरणीला टनाला दीड रुपयात मिळणारा बांबू बुरुडाला बाजारात टनाला पंधराशेच्या घरात पडायचा. गाडगीळ पुढे मेंढा आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव या दोन्ही गावांच्या जंगल-अभ्यासात रस घेत राहिले, याचं मूळ मला तिथेच दिसतं.

मेंढ्याचं घोषवाक्य महाराष्ट्रभर गाजलं: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. बाहेरच्यांनी त्याच्या दुसऱ्या अर्ध्यावरच जास्त लिहिलं. मला पहिलं अर्धं महत्त्वाचं वाटतं. ज्या जिल्ह्यात ऐंशीच्या दशकापासून नक्षलवादी दिल्ली-मुंबईचं सरकार मानत नव्हते आणि त्या सरकारची बंदूकही रानात फिरत होती, तिथे एका गावाने ‘ते सरकारही आमचंच’ म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. गावाने कायदा नाकारला नाही, उलट त्याच्या मागे लागलं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आला, गावाने वाचला. 2006 चा वनहक्क कायदा आला, 2008 मध्ये त्याचे नियम आले, गावाने दावा तयार केला. 2009 मध्ये मेंढा आणि जवळच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याच्या वाट्याला आलेलं क्षेत्र सुमारे 1,800 हेक्टर.

हक्काचा कागद हातात आला आणि खरी लढाई तेव्हा सुरू झाली. मुद्दा होता बांबूचा. वनहक्क कायदा बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हणतो, म्हणजे गावाच्या मालकीचं. पण 1927 चा भारतीय वन कायदा बांबूला झाडात धरायचा, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे खात्याचं. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे, तांदूळ-गव्हाचा भाऊबंद. कायद्याने त्याला झाड केलं होतं, आणि त्या एका शब्दावर लाखो लोकांची मजुरी अडलेली होती. गावाने बांबू तोडायचं ठरवलं. पण तोडलेला बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा, आणि तो द्यायचा अधिकार खात्याकडे होता. खात्याने दिला नाही. बांबू तुमचा, रस्ता आमचा, असा तो मामला होता.

27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक म्हणजे काय, तर कार्बन घालून भरायच्या पावत्या. पण त्यानंतर गावातून निघणाऱ्या ट्रकवर सही ग्रामसभेची असणार होती. गावाने बांबूसाठी निविदा मागवल्या, दर ठरवला, तोडणीची मजुरीही स्वतःच ठरवली. कुठलं बेट तोडायचं, कोवळे बांबू किती राखायचे, हेही ग्रामसभेनेच ठरवलं. मजुरी गावातल्या लोकांना, आणि विक्रीतला वाटा ग्रामसभेच्या खात्यात. त्या खात्यासाठी ग्रामसभेला पॅन कार्ड काढावं लागलं, आणि पाठोपाठ आयकराचे कागदही आले. स्वराज्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर ही शेवटची बाब लक्षात ठेवावी. गावाला स्वतःच्या सरकारबरोबर स्वतःचा लेखापालही लागतो.

इथे थोडं थांबून इंडोनेशियाकडे परत जाऊ, कारण तिथे याच प्रश्नाचं उलट्या टोकाने उत्तर शोधलं गेलं. संकटाच्या वर्षीच, 1998 मध्ये, तिथे तालुका पातळीवर थेट निधी देणारी योजना सुरू झाली. गावांनी बसून काय हवं ते ठरवायचं, रस्ता, पूल, विहीर, आणि पैसे मिळवायचे. ती वाढत गेली, आणि 2014 च्या ग्राम कायद्यानंतर 2015 पासून देशातल्या सुमारे 75,000 गावांना दरवर्षी केंद्राच्या अंदाजपत्रकातून थेट निधी मिळू लागला. निर्णय गावाच्या ‘मुस्यावारा’त व्हावा अशी अपेक्षा. हा शब्द अरबी मुळाचा, आपल्याकडच्या ‘मशवरा’चा सख्खा भाऊ, त्यांच्याकडेही बोलून-पटवून एकमतावर येणं ही जुनी रीत मानली जाते. मेंढ्याची सर्वसहमती आणि जावाचा मुस्यावारा एका चौकात बसले असते तर एकमेकांना परके वाटले नसते.

पण बसल्याने चोरी थांबते का? बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने त्याच योजनेतल्या रस्त्यांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये छापले. जावा बेटावरची 600 हून अधिक गावं. काही गावांत आधीच सांगितलं की तुमच्या कामाचं सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांना येण्याची घरोघर निमंत्रणं दिली. मग अभियंत्यांनी तयार रस्ते खणून खरोखर किती खडी आणि वाळू पडली ते मोजलं. लेखापरीक्षण पक्कं असलेल्या गावांत गायब होणारा खर्च सुमारे 8 टक्के-बिंदूंनी घटला. निमंत्रणांमुळे बैठकांना गर्दी वाढली, पण एकूण गळती फारशी कमी झाली नाही. एक अपवाद मात्र होता: मजुरीतली गळती कमी झाली.

या अपवादावर मी बराच वेळ रेंगाळलोय. खडी कमी पडली तर नुकसान सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. मजुरी कमी पडली तर नुकसान बैठकीत बसलेल्या माणसाचं. लोक जे आपलं वाटतं त्यावर पहारा ठेवतात. वरून आलेला पैसा गावाला आपला वाटायला वेळ लागतो, कधी वाटतच नाही. मेंढ्याच्या बांबूचं तसं नाही. तो तोडणाऱ्याच्या हातावर त्याचे घट्टे आहेत. तो कमी किमतीत गेला की प्रत्येक घराला कळतं. महाराष्ट्रातही 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले 5 टक्के पेसा ग्रामपंचायतींना थेट जातात, आणि ते चांगलंच आहे; पण त्या पैशाच्या बैठकीला आणि बांबूच्या निविदेच्या बैठकीला होणाऱ्या बोलण्यात फरक असणारच. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानेही 2013 मध्ये परंपरागत जमातींची जंगलं ही सरकारी जंगलं नव्हेत असा निकाल दिला. म्हणजे पैशाकडून निघालेला देश शेवटी जंगलाच्या मालकीपाशी येऊन पोचला. मेंढा तिथूनच निघालं होतं.

मेंढ्याने 2013 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं, ज्याची चर्चा कमी होते. गावाने ग्रामदान केलं. विनोबांची ती चळवळ तोवर इतिहासजमा झाल्यासारखी होती, पण महाराष्ट्राचा 1964 चा ग्रामदान कायदा पुस्तकात जिवंत होता. जमिनीची मालकी गावाच्या नावे होते, कसण्याचा हक्क घराकडेच राहतो, वारसाने पुढेही जातो. पण जमीन गावाबाहेर विकता येत नाही, गहाण पडत नाही. थोडी जमीन, विसावा भाग, भूमिहीनांसाठी निघते. अडलेपणाच्या चष्म्यातून पाहिलं तर हा विमाच आहे. घरात आजारपण आलं, पोरीचं लग्न निघालं, धान बुडालं, की पहिली जाते ती जमीन, आणि एकदा गेलेली जमीन परत येत नाही. ग्रामदानाने ती पायरीच काढून टाकली. उलट बाजूही सांगायला हवी. जमीन तारण ठेवता येत नसेल तर बँकेचं कर्जही अवघड होतं. नडीला विकता येत नाही, हे संरक्षण; पण ते गावाच्या निधीत दम असेल तरच पेलतं.

एका गावाची गोष्ट सांगून जिल्ह्याचं काही ठरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्यातली कितीतरी कागदावरच आहेत, काहींच्या हक्काच्या नकाशाचा पत्ता नाही. पण तेंदूच्या बाबतीत एक मोठी हालचाल झाली. 1969 च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला होता. 1997 मध्ये राज्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी गावांना दिली तेव्हा तेंदू आणि बांबू, म्हणजे ज्यात खरा पैसा होता तेच, बाहेर ठेवले. 2014 मध्ये पेसाचे नियम आले, राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून ही फटही बुजवली, आणि त्या सुमारास ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली.

कोरची तालुक्यात पुढे नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. कारण साधं होतं. एकेकट्या गावाच्या पन्नास-शंभर गोण्यांसाठी ठेकेदार भाव पाडून मागतो. गावं एकत्र बसली की त्याला सगळ्यांशी एकदम बोलावं लागतं. तिथे ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था ऐंशीच्या दशकापासून काम करत होती, बचत गटांतून बायांचं संघटन आधीच झालेलं होतं, त्यामुळे महाग्रामसभेत बायाही बसल्या. पानं तोडणाऱ्या त्याच, तेव्हा हिशेबाला त्याच नकोत का, हे वेगळं सांगावं लागू नये. पण सांगावं लागलं.

2017 च्या हंगामात तेंदूला चढे भाव मिळाले. ग्रामसभांच्या खात्यात रॉयल्टीची अशी रक्कम आली की पूर्वी कुणी कल्पना केली नव्हती. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला: तेंदूच्या पानावर 18 टक्के, विडीवर 28. पुढच्या हंगामात भाव घसरले, आणि काही ठेकेदारांकडे ग्रामसभांचे पैसे अडकले. मालकी मिळाली म्हणून बाजार मिळाला असं होत नाही. ग्रामसभा आता मुन्शीसमोर अडलेली नव्हती, पण नागपूर-गोंदियाच्या विडीबाजारासमोर होती. ज्या गावांनी आगाऊ रकमेशिवाय पान उचलू दिलं नाही, करारनामा नीट लिहून घेतला, ती वाचली. ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवला ती कोर्ट-कचेरीत गेली. इथे पुन्हा अभ्यासगट आठवतो. करारातली एक ओळ वाचता येणारा माणूस गावात असणं हीसुद्धा मालमत्ता आहे, आणि ती कुठल्याच सर्वेक्षणात मोजली जात नाही.

धोके बाजाराचेच असतात असंही नाही. चंद्रपूरच्या ताडोबाभोवती मोह आणि तेंदूच्या दिवसांत वाघाने माणूस मारल्याची बातमी दरवर्षी येते. झाडाखाली वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही असं गावकरी सांगतात. 2021 पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीचं धान तुडवतायत. बांबूला कित्येक दशकांतून एकदा फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं वाळून जातात. एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण चालू झाली, तिथल्या गावांचा प्रश्न तर वेगळाच. आपल्या जंगलाबाबत ‘नाही’ म्हणण्याची मुभा कुठपर्यंत, हे तिथे दिसतं.

आणि मग 2020 चा मार्च. मिरची तोडायला तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे हजारो मजूर टाळेबंदीत अडकले. गाड्या बंद, काम बंद. कित्येक जण जंगलातून, नदी ओलांडून, पायी घरी आले. त्या महिन्यांत ज्या ग्रामसभांच्या खात्यात तेंदू-बांबूची शिल्लक होती त्यांतल्या काहींनी परतलेल्या लोकांच्या धान्याची, मास्क-साबणाची सोय त्यातून केली. रक्कम मोठी नव्हती. पण ती मागायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही, आणि ठराव त्याच रात्री करता आला.

चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. ‘पर्यावरण मित्र’ संस्थेच्या विजय देठेंच्या सोबतीने या गावाने वनहक्काचा दावा लढवला आणि 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळवला. गावात गोंड आहेत, इतर जातींची घरंही आहेत. मेंढ्यासारखंच इथेही बांबू हाच कणा: ग्रामसभा लिलाव करते, गावातलीच माणसं तोडतात, कामासाठी परमुलखात जाणं कमी झालं. जंगलाचे नियम गावाने लिहून काढले, आणि जंगलाचा एक भाग कुणीही काही तोडायचं नाही म्हणून राखून ठेवला.

मग गावाने ठरवलं की तेंदू विकायचा नाही. भर हंगामात, आजूबाजूची गावं पहाटे रानात निघालेली असताना. कारणं गावाने मोजून मांडली. भरघोस, कोवळं पान यावं म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, कुठे कुठे जंगलाला आगही लावतात. त्यात बाकीचं रान जळतं. सारखं छाटलेलं झुडूप झाड होत नाही, त्याला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत. आणि पान जातं कशाला, तर विडीला, जी ओढणाऱ्याचीच छाती पोखरते. बांबूचं काम हाताशी असताना दोन-तीन आठवड्यांच्या पैशासाठी हे का करायचं?

हा निर्णय प्रत्येक गावाला परवडणारा नाही. कोरचीच्या गावांनी तेंदू सोडावा असं मी म्हणणार नाही. तिथे तेंदूच बांबूच्या जागी आहे. पण पाचगावच्या रानात आता तेंदूला वाढू दिलं जातं. मे महिन्यात झाडं पिवळ्या टेंभरांनी लगडतात, पोरं गोड गर खाऊन बिया थुंकत फिरतात, आणि उरलेलं पाखरं, अस्वलं खातात.